टेरी रायली आणि ‘इन सी’: पांढरी एकमधले ५३ तुकडे

पांढरी_एक (धागाकर्ता)

अमेरिकी रचनाकार टेरी रायलींचं नाव निघालं की ‘मिनिमल संगीताचे (मोजक्या स्वराकृती पुन्हा पुन्हा घोळवणाऱ्या संगीताचे) आद्य रचनाकार’ एवढं म्हणून गाडी पुढे सरकते. हे संगीत प्रत्यक्षात चालतं कसं, बसवायचं कसं आणि बिघडतं कुठे, यावर बोलावं म्हणून हा धागा. मुख्य विषय ‘इन सी’ ही १९६४ची रचना. सी म्हणजे आपली पांढरी एक (हार्मोनियमच्या सप्तकातली पहिली पांढरी पट्टी), तेव्हा सूर नावातच सांगितलेला आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. जन्म २४ जून १९३५, कॅलिफोर्नियातल्या कोलफॅक्सचा. शिक्षण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात. तिथे ला माँट यंग भेटले, जे एकेक स्वर लांबच लांब धरून ठेवण्याचे प्रयोग करत होते. पुढे काही काळ रायली फ्रान्समध्ये होते, अमेरिकी हवाई तळांच्या आसपास पियानो वाजवून गुजराण करत. नोव्हेंबर १९६३मध्ये केनेडींची हत्या झाली, तळांवरचे करमणुकीचे कार्यक्रम थांबले आणि रायली सान फ्रान्सिस्कोला परतले. गोल्ड स्ट्रीट सलूनमध्ये रॅगटाइम वाजवायला जाताना बसमध्ये ‘इन सी’ची सुरुवात सुचली. पहिला प्रयोग ४ नोव्हेंबर १९६४ला, सान फ्रान्सिस्को टेप म्युझिक सेंटरमध्ये. वादकांत स्टीव्ह राइश, पॉलिन ऑलिव्हेरोस, मॉर्टन सबॉट्निक, जॉन गिब्सन अशी मंडळी होती, म्हणजे पुढच्या पन्नास वर्षांचं बरंच अमेरिकी संगीत त्या एका खोलीत बसलं होतं.

आता रचना. अख्खी संहिता एका पानात मावते. त्यात ५३ लहान स्वराकृती आहेत, क्रमांक घातलेल्या. त्यांना इथे ‘तुकडा’ म्हणतो (तबल्यातला तुकडा नव्हे). प्रत्येक वादकाने १ ते ५३ याच क्रमाने जायचं, मात्र कुठला तुकडा किती वेळा घोळवायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. वाद्यं कुठलीही चालतात, वादक कितीही. साधारण ३५ जण असावेत अशी रायलींची पसंती, पण कमी माणसांतही ती उभी राहते. एका तुकड्यावर पाऊण ते दीड मिनिट किंवा जास्त वेळ, आणि एकूण पाऊण तास ते दीड तास. सरासरी एक मिनिट धरलं तर ५३ मिनिटं, हा हिशेब डोक्यात असला की पुरे.

एकच बंधन खरं कडक आहे: सगळ्यांनी एकमेकांपासून दोन-तीन तुकड्यांच्या आत राहायचं. समूहातला सर्वांत पुढचा बाराव्यावर असेल तर सर्वांत मागचा नवव्याच्या मागे नको.

या सगळ्याखाली एक ठोका चालतो. पियानोच्या सर्वांत वरच्या दोन सी पट्ट्यांवर अर्ध्या अर्ध्या मात्रेचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तो मूळ कल्पनेत नव्हता. तालमीत वादक एकत्र राहीनात तेव्हा राइश यांनी सुचवला. लय मिनिटाला १२० मात्रा धरली तर मिनिटाला २४० आघात, तासाभरात १४,४००. ते एका हाताचं काम नव्हे. दोन माणसं शेजारी बसवावीत आणि अदलाबदल करताना दोघांनी आठ-दहा मात्रा एकत्र वाजवून मग पहिल्याने हात काढावा. नाहीतर सांधा ऐकू येतो आणि तिथेच लय हलते.

मंद्र

उत्तम धागा. बिघडतं कुठे यावर भर घालतो.

पहिला तुकडा तीन मात्रांचा आहे: सी चा कण (ओझरता स्पर्श) घेऊन ई, तीनदा. आपल्या भाषेत ‘सा’ चा कण लावलेला गंधार. दुसरा दोन मात्रांचा, ग म ग. एकाने पहिला धरला आणि दुसऱ्याने दुसरा, तर दर सहा मात्रांनी ते जुळतात. त्यात तिसरा माणूस आपल्या मर्जीने भलत्याच मात्रेवर शिरला की नवं जाळं तयार होतं. सगळी गंमत या सरकण्यात आहे. म्हणून सर्वांत मोठी चूक म्हणजे मनात चार-चारचे गट मोजणं. या रचनेला सम, म्हणजे आवर्तनाची ठरलेली पहिली मात्रा, नाही. ठोका मोजायला नाही, टेकायला आहे. तीनतालात मुरलेल्या माणसाला हे जड जातं. त्याचा प्रत्येक तुकडा नकळत ‘धा’वर सुरू होतो, आणि असे चौघे जमले की सगळं एका चौकटीत बंद होतं.

उपाय सोपा आहे. तालमीत एकाच तुकड्यावर सगळ्यांना ठेवा आणि प्रत्येकाला वेगवेगळ्या अर्ध्या मात्रेवर शिरायला लावा. पाच मिनिटं तेवढंच. मग दोन तुकडे.

दुसरी चूक घाईची. उत्साही दोन-तीन जण पुढे पळतात आणि ३५व्या तुकड्याला आधी पोचतात. तो सर्वांत लांब आहे, एकमेव म्हणावी अशी खरी लांब सुरावट. तिथे पोचलेल्याला ती मिरवावीशी वाटते. मागचे मात्र अजून तिशीच्या आत असतात. मग एकतर पुढच्याला ती सुरावट पंधरा वेळा घोळवावी लागते, किंवा मागचे दोन-तीन तुकडे गाळून धावत येतात. वाजवता येत नाही म्हणून एखादा तुकडा गाळायला परवानगी आहे, गाठण्यासाठी नव्हे. पळणाऱ्याने वाजवणं थांबवून ऐकावं, हेच बरं. मध्येमध्ये गप्प बसणं हा नियमांचाच भाग आहे, आणि सर्वांत कमी पाळला जाणारा.

तिसरी गोष्ट आवाजाची. सगळे सतत जोरात वाजवत राहिले तर विसाव्या मिनिटाला कान थकतो. समूहाने मिळून चढावं आणि मिळून उतरावं, तेही कुणी खूण न करता.

गंधारवेल

आठ-दहा जणांचा गट असेल आणि वाद्यं बासरी, सतार, हार्मोनियम, व्हायोलिन, तबला अशी असतील, तर हे बसेल का? बासरी पांढरी एकचीच घ्यायची ना?

वेणू_७२

बसतं. ब्रुकलिन रागा मॅसिव्ह या न्यूयॉर्कच्या समूहाने भारतीय वाद्यांसह ‘इन सी’ची पूर्ण ध्वनिमुद्रिका २०१७मध्ये काढली आहे, ती जरूर ऐका. त्याआधी १९८९मध्ये शांघाय फिल्म ऑर्केस्ट्राने चिनी वाद्यांवर केलं, नंतर आफ्रिका एक्सप्रेसने मालीतल्या वादकांसह. संहिता वाद्याला बांधलेली नाही.

बासरी मात्र पांढरी एकची घेऊ नका. पांढरी चारची घ्या. कारण सांगतो. आपल्या बासरीवर वरची तीन भोकं बंद म्हणजे सा आणि सगळी उघडी म्हणजे तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमाला पहिलं भोक अर्धं धरावं लागतं. पांढरी एकच्या बासरीवर ‘इन सी’मधला एफ हा शुद्ध मध्यम होतो, आणि सुरुवातीचे तुकडे तर ई-एफ यांच्याभोवतीच फिरतात. अर्धं भोक मिनिटभर, अर्ध्या अर्ध्या मात्रेत, ठोक्याला चिकटून स्वच्छ वाजवणं फार कठीण. सूर चढतो किंवा फाटतो.

पांढरी चारच्या बासरीवर सा म्हणजे एफ. मग सी पंचम होतो (सहाही भोकं बंद), डी धैवत, ई निषाद, एफ सा, जी रिषभ, ए गंधार, बी तीव्र मध्यम. म्हणजे सी पासूनचं सगळं शुद्ध सप्तक एकही भोक अर्धं न धरता मिळतं. पहिल्या तुकड्यातला कण म्हणजे सहा बंदवरून दोन बोटं उचलणं, बस. अर्धी भोकं लागतात ती फक्त एफ शार्पला (कोमल रिषभ) आणि बी फ्लॅटला (शुद्ध मध्यम). एफ शार्प पहिल्यांदा येतो चौदाव्या तुकड्यात, तिथे चारही स्वर चार-चार मात्रांचे आहेत, सावकाश लावता येतो. बी फ्लॅटचा त्रास शेवटी होतो: ५३वा तुकडा पाव मात्रेच्या वेगाने बी फ्लॅट आणि जी यांच्यात फिरतो. तिथे दुपटीने सावकाश वाजवा. स्वरांची लांबी वाढवायला संहितेची मुभा आहे.

सतार बहुधा काळी एकला असते. अर्ध्या स्वराने उतरवायची तर तरफांसकट (खालच्या गुंजणाऱ्या तारांसकट) आदल्या दिवशीच उतरवा, त्याच दिवशी उतरवली तर तारा अर्ध्या तासात पुन्हा सरकतात. आणि सतारीला सहावा तुकडा देऊ नका, म्हणजे आठ मात्रांचा एकच सी. नाद दोन-तीन मात्रांत विरतो. तसे लांब स्वर हार्मोनियम आणि व्हायोलिनने उचलावेत, त्या वेळी सतारीने ऐकावं. सप्तक बदलायला परवानगी आहे. वर नेलेलं जास्त खुलतं, खाली नेणं लांब स्वरांच्या तुकड्यांनाच शोभतं.

तबला पांढरी एकला लावून घ्या, पण ठेका धरू नका. ठेका आला की सम आली, आणि मंद्र यांनी वर जे सांगितलंय ते सगळं वाया गेलं.

मंद्र

पांढरी चारच्या बासरीची सूचना अचूक. एक पुरवणी: बसण्याची जागा. आवाजाला दहा मीटर जायला सुमारे २९ मिलिसेकंद लागतात. १२० मात्रांच्या लयीत पाव मात्रा १२५ मिलिसेकंदांची. म्हणजे लांब ओळीत बसलात तर टोकाचा माणूस पाव मात्रेच्या जवळपास चौथ्या हिश्शाने मागे पडतो. दाट अर्धवर्तुळ करा, ठोका मध्यभागी ठेवा.

श्रुतिबॉक्स

तानपुरा ठेवावा का? सी तर धरलेलाच आहे.

पांढरी_एक

माझं मत, ठेवू नये. संहितेत तो नाही, हे एक कारण. दुसरं मोठं कारण असं की नाव ‘इन सी’ असलं तरी रचना सी वर बसून राहत नाही. एफ शार्प आला की वजन ई आणि जी कडे झुकतं, आणि शेवटी बी फ्लॅट आल्यावर जमीन जवळजवळ जी ची होते. ठोक्यातला सी इतका वर आहे की तो आधार न वाटता झगझगाट वाटतो, त्यामुळे खालचं केंद्र सरकायला मोकळं राहतं. तानपुऱ्याने खालचा सा बांधून टाकला की तोच एफ शार्प ‘तीव्र मध्यम’ होतो, बी फ्लॅट ‘कोमल निषाद’ होतो, आणि आपला कान राग शोधायला लागतो.

वेणू_७२

इथे मतभेद. आपल्या वाद्यांच्या गटात तानपुरा नसला तर दहाव्या मिनिटाला प्रत्येकाचा सा वेगळा होतो. फार हळू, फक्त जोडीवर (सा च्या मधल्या दोन तारांवर) ठेवावा. दुसरी गोष्ट गंधाराची. तानपुऱ्यातून उमटणारा गंधार सा च्या ५/४ पट, पियानोचा त्याहून सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराच्या शंभरातले १४ भाग) चढा. मधल्या सप्तकात तो ३२७ हर्ट्झ विरुद्ध ३२९.६, म्हणजे सेकंदाला अडीचेक लहरी ऐकू येतात. पहिले पाच तुकडे तर या गंधाराभोवतीच आहेत. कीबोर्ड आणि व्हायोलिन दोन्ही असतील तर कुणाचा गंधार धरायचा हे आधी ठरवा. नाहीतर दोघंही बरोबर असून एकत्र बेसूर.

निषाद

धाग्याच्या निमित्ताने एक वारंवार होणारी चूक. ‘रायली भारतीय संगीत शिकले आणि त्यातून इन सी निघालं’, असं सरसकट म्हटलं जातं. क्रम उलटा आहे. ‘इन सी’ १९६४चं. पंडित प्राणनाथांचे शिष्य ते १९७०मध्ये झाले. आवर्तनांची ओढ त्यांच्यात आधीच होती: टेपचे वेटोळे, जॅझ, यंग यांचा लांब स्वर. त्या ओढीला घर नंतर सापडलं.

आणि ते घर आपल्याला परकं नाही. प्राणनाथ (१९१८–१९९६) किराणा घराण्याचे, उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शागीर्द. जन्म लाहोरचा, दिल्ली विद्यापीठात शिकवत होते, १९७०मध्ये अमेरिकेत गेले. त्याच वहीद खाँसाहेबांकडे हिराबाई बडोदेकर शिकल्या. म्हणजे रायलींचे गुरू आणि हिराबाई हे गुरुबंधू-गुरुभगिनी. मिरजेत स्थायिक झालेले अब्दुल करीम खाँ हे याच घराण्याचे दुसरे मोठे उस्ताद. स्वराला सावकाश, कणाकणाने उलगडण्याची ही रीत मिरज-पुण्याच्या श्रोत्याला पाठ आहे, आणि तीच कॅलिफोर्नियात मिल्स कॉलेजात रुजली, जिथे रायली १९७१पासून शिकवत होते.

रायलींनी राग ‘प्रभाव’ म्हणून वरवर घेतला नाही. प्राणनाथांच्या मागे त्यांनी तानपुरा धरला, तबल्याची साथ केली, गळ्याने गायले, त्यांच्यासोबत भारतात येत राहिले. गुरूंच्या निधनापर्यंत, म्हणजे पंचवीसहून अधिक वर्षं. २०२०पासून ते जपानमध्ये राहतात आणि तिथे राग शिकवतात. एवढ्या दीर्घ शागिर्दीकडे पाश्चात्त्य समीक्षेने पुरेसं लक्ष दिलेलं नाही, असं मला ठामपणे वाटतं. साठच्या दशकातल्या दोन ध्वनिमुद्रिकांवर त्यांची गोष्ट संपवली जाते.

फीतवाला

टेपचा विषय निघालाच आहे तर ‘टाइम लॅग अॅक्युम्युलेटर’बद्दल, म्हणजे आवाज उशिराने परत आणून साठवत नेणाऱ्या रायलींच्या टेप-जोडणीबद्दल. पॅरिसमध्ये १९६३ला केन ड्यूई यांच्या ‘द गिफ्ट’ या नाटकासाठी ट्रम्पेटवादक चेट बेकर यांच्या चौकडीचं वादन मुद्रित केलं होतं. रायलींना त्याचे थरावर थर हवे होते. फ्रेंच रेडिओच्या स्टुडिओतल्या तंत्रज्ञाने दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून ते करून दाखवलं.

रचना अशी. फीत पहिल्या यंत्राच्या डाव्या चकरीवरून निघते, त्याच्या रेकॉर्ड हेडवरून जाते, पण त्याच्या उजव्या चकरीवर न गुंडाळता सरळ दुसऱ्या यंत्राकडे जाते, त्याच्या प्लेबॅक हेडवरून जाऊन तिथल्या उजव्या चकरीवर गुंडाळते. दुसऱ्याचा आवाज पुन्हा पहिल्याला पुरवायचा. वाजवलेलं काही सेकंदांनी परत येतं, पुन्हा मुद्रित होतं, पुन्हा येतं, दर खेपेला थोडं मंद आणि धूसर होऊन.

उशीर किती, हे दोन हेडमधल्या अंतराला फितीच्या वेगाने भागून कळतं. वेग सेकंदाला १९.०५ सेंटिमीटर आणि अंतर दीड मीटर असेल तर ७.९ सेकंद. वेग निम्मा केला तर पावणेसोळा.

बिघडतं ते असं. दोन यंत्रांचे वेग किंचितही वेगळे असले तर मधली फीत सैल पडते किंवा ताणली जाते, सूर डुगडुगतो, म्हणून एकाच बनावटीची दोन घ्यावीत. हेडची उंची जुळली नाही तर फीत तिरकी चालते आणि वरच्या पट्टीचा आवाज आधी हरवतो. बऱ्याच यंत्रांत फीत तुटल्यास थांबवणारी ताणदांडी असते. पहिल्याच्या उजव्या बाजूची ती दांडी हलकेच बांधून ठेवावी लागते, नाहीतर यंत्र सुरूच होत नाही. आणि परत पुरवलेला आवाज मूळ पातळीला पोचला की फितीची खरखर स्वतःवरच वाढत जाते व मिनिटभरात सगळं गिळते.

संगणकावर करायचं तर ८ सेकंदांचा डिले (आवाज उशिराने परत देणारी सोय) लावा. परतीचं प्रमाण ७० टक्के ठेवलं तर एक स्वर साठ डेसिबल उतरायला सुमारे १९ फेऱ्या, म्हणजे अडीच मिनिटं. ८५ टक्क्यांना ४२ फेऱ्या, साडेपाच मिनिटांहून जास्त. त्यामुळे ८५वर वाजवणाऱ्याने चुकीचा स्वर लावला तर तो साडेपाच मिनिटं सोबत राहतो. परतीच्या वाटेवर वरच्या पट्टीचा आवाज कापणारा फिल्टर नक्की लावा. फीत ते काम आपोआप करत होती, संगणक करत नाही, आणि म्हणून संगणकावरचं टोचतं.

रायलींचं ‘पॉपी नोगुड अँड द फँटम बँड’ ऐका, सोप्रानो सॅक्सोफोन याच पद्धतीने वाजवलाय. ब्रायन ईनो आणि रॉबर्ट फ्रिप यांनी १९७३मध्ये गिटारवर जे केलं ते याच दोन यंत्रांच्या जोडणीतून.

गंधारवेल

‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातला रायली हाच का?

निषाद

हाच. आणि त्यातले बाबा म्हणजे मेहेरबाबा. जन्म पुण्याचा, समाधी नगरजवळ मेहेराबादला. ‘द हू’ या रॉक समूहाचे पीट टाउनशेंड हे मेहेरबाबांचे अनुयायी आणि रायलींच्या ऑर्गनवादनाचे चाहते, म्हणून १९७१च्या त्या गाण्याच्या नावात दोघं आले. सुरुवातीचा थरथरता नाद लाउरी ऑर्गनच्या ‘मॅरिम्बा रिपीट’ या सोयीतून काढला आहे. त्याचा मूळ स्रोत ऐकायचा तर १९६९चं ‘अ रेनबो इन कर्व्ड एअर’. त्यातली सगळी वाद्यं रायलींनी एकट्याने थरावर थर देऊन वाजवली आहेत.

श्रुतिबॉक्स

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

पांढरी_एक

‘इन सी’चं १९६८चं कोलंबियाचं मुद्रण आधी. बफेलोतल्या अकरा वादकांनी थर देऊन केलेलं, सुमारे ४२ मिनिटांचं, आणि म्हणून जरा कडक आणि चकचकीत. लगेच दुसरं कुठलंही घ्या, म्हणजे एकच पान किती वेगळं वाजतं ते कळेल. मग ‘श्री कॅमल’ (१९८०), शुद्ध श्रुतींना लावून घेतलेला यामाहा ऑर्गन. हे आपल्या कानाला सर्वांत जवळचं आहे, कारण गंधार तानपुऱ्यातला आहे. त्यानंतर ‘द हार्प ऑफ न्यू अल्बिअन’. तिथे पियानो एकदाच शुद्ध प्रमाणांना लावला आहे आणि प्रत्येक भागात वेगळा स्वर ‘सा’ मानला आहे. जुळणी तीच, पण सा सरकला की प्रत्येक अंतर बदलतं, काही गोड होतात, काही लांडग्यासारखी ओरडतात, आणि रायली ती ओरडणारीही वापरतात. आपल्या मूर्च्छनांचं तत्त्व माहीत असलेल्याला हे चटकन उमगेल. क्रोनोस या तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी लिहिलेलं ‘सॅलोमी डान्सेस फॉर पीस’ सावकाश घ्या, ते चौकडीसाठीच्या पाच रचनांचं मोठं काम आहे.

वेणू_७२

शेवट कसा करायचा हे राहिलं. ५३ला पोचलेल्याने तिथेच थांबून बाकीचे सगळे येईपर्यंत तोच तुकडा घोळवायचा. सगळे पोचले की समूहाने मिळून आवाज दोन-तीनदा मोठा करून उतरवायचा आणि मग एकेकाने आपल्या मर्जीने थांबायचं. इथे कुणी खूण करून सगळ्यांना एकदम थांबवतो, ते चूक. ठोकावाल्याने मात्र सर्वांत शेवटी थांबावं. बाकी सगळे गप्प झाल्यावर तो वरचा सी आणखी आठ-दहा मात्रा एकटा राहू द्या.